सामाईक

आमच्या रानातल्या विहिरीची सात-बारावर नोंद होती, 'सामाईक विहीर, हिस्सा 5 आणे 4 पै'. सोळा आणे तीन भावांत वाटले की हाच आकडा येतो. तासगाव तालुक्यातलं ते रान, त्यात ही एक विहीर, आणि तिच्यावर आबा आणि त्यांचे दोन भाऊ अशा तीन घरांची शेती. आबा म्हणजे माझे आजोबा. पाण्याच्या पाळीची वही त्यांच्याकडे असायची. लाल पुठ्ठ्याची, कापडी पाठीची वही, तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. तारीख, कुणाची पाळी, मोटर किती वाजता सुरू, किती वाजता बंद, आणि शेवटच्या रकान्यात लाईट गेली असेल तर तेवढा वेळ. ज्याच्या पाळीत लाईट गेली त्याला तेवढा वेळ पुढच्या फेऱ्यात भरून मिळायचा.

वही सोप्यात खुंटीला अडकवलेली असायची. कुणीही यावं, बघावं. तिन्ही घरांत बांधावरून वाद झाले, आंब्याच्या झाडावरून झाले, लग्नातल्या मानपानावरून तर दोन वर्षं बोलणं बंद होतं. पाण्यावरून मात्र कधी शब्दाला शब्द लागला नाही. आबांचा एक नियम मला पाठ आहे. "पाळी सोडली तर पाणी पुढच्याला जाऊ द्यायचं. पण माघारी मागायला आला तर त्याच घडीला द्यायचं, उद्या ये म्हणायचं न्हाई."

ही वही मला आठवली ती 2006 साली, सांगलीत, एका जुन्या कॉम्प्युटरसमोर.

आमचं सांगलीतलं घर गावभागातलं. खाली तात्या, म्हणजे थोरले चुलते. वर एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला बापू, म्हणजे धाकटे. जिना एक, मीटर तीन, चुली तीन. टेलिफोन तात्यांच्या नावावर. त्या वर्षी त्या टेलिफोनच्या वायरीतूनच ब्रॉडबँड मिळायला लागलं आणि तिन्ही घरांनी मिळून एक कनेक्शन घ्यायचं ठरलं. वेग 256 केबीपीएस. केंद्र सरकारच्या 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणायला किमान एवढा वेग हवा असं लिहिलं होतं, तेवढाच बरोबर मिळायचा. म्हणजे सगळं सुरळीत असेल तर सेकंदाला 32 किलोबाईट. महिन्याला 1 जीबी, त्यापुढे प्रत्येक एमबीचे पैसे. रात्री 2 ते सकाळी 8 मात्र मोजदाद नाही, हवं तेवढं घ्या.

मोडेमला भोक एक आणि घरात कॉम्प्युटर तीन. मी तेव्हा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचो, कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढायचो. बाजारात वाटणी करून देणारे राउटर मिळत होते. पण दुकानातला एक पेंटियम-3 मोडीत निघाला होता, 128 एमबी रॅमचा, तो मला मालकांनी देऊन टाकला. मासिकाबरोबर आलेल्या सीड्यांमुळे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख झालेली होती. मी त्या डब्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, चढवलं आणि हरभट रोडवरून दुसरं लॅन कार्ड आणून बसवलं. एका कार्डाला मोडेम, दुसऱ्याला आठ भोकांचा स्विच, आणि स्विचमधून तीन घरांना तीन वायरी.

हे काम चालतं कसं, ते मला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. कळलं ते अडत दुकानात बसून. शेतकरी हळद घेऊन यार्डात येतो, पण सौद्यात खरेदीदाराचा व्यवहार अडत्याशी होतो. गावोगावचे शेतकरी खरेदीदाराला माहीतही नसतात. पैसे अडत्याकडे येतात. अडत्या आपल्या वहीत लॉट नंबर बघतो, हा कुणाचा माल ते काढतो आणि त्याच्या नावानं पट्टी करतो. लिनक्सच्या गाभ्यात आयपीटेबल्स नावाची जी सोय आहे, तिच्यातला 'मॅस्करेड' हा नियम हेच करतो. तात्यांच्या कॉम्प्युटरची मागणी आली की तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून स्वतःचा लिहायचा, सोबत एक पोर्ट नंबर लावायचा, तो आपल्या तक्त्यात नोंदवायचा आणि मागणी बाहेर पाठवायची. उत्तर आलं की नंबर बघून ज्याचं त्याला पोचवायचं. बाहेरच्या जगाला आमचं तीन चुलींचं घर एकच गिऱ्हाईक दिसायचं.

अशी अडत लागायचं कारण साधं आहे. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते 32 बिटांचे, म्हणजे एकूण 429 कोटींच्या आसपास. जगातल्या प्रत्येक मशीनला वेगळा पत्ता द्यायचा तर ते पुरणार नाहीत, हे 1990 नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. मग 1994 च्या मार्चमध्ये काही पत्ते घरगुती वापरासाठी बाजूला काढून ठेवले गेले. 192.168 नं सुरू होणारे पत्ते त्यातलेच. हे पत्ते हाकेच्या नावासारखे आहेत. घराघरांत एक ताई असते, एक अण्णा असतात, घरात त्या हाकेला बरोबर माणूस ओ देतं, पण पोस्टमन 'अण्णा, सांगली' एवढ्यावर पत्र पोचवू शकत नाही. आमच्या घरात तात्यांचा नंबर 10 वर संपायचा, आमचा 20 वर आणि बापूंचा 30 वर.

सुरू करायला ओळी दोनच लागल्या. गाभ्याला सांगायचं की एका कार्डावर आलेलं दुसऱ्या कार्डावरून पुढे जाऊ दे, आणि मग मॅस्करेडचा नियम. त्या दोन ओळी टाकल्या आणि तात्यांच्या सोप्यातून आवाज आला, "आलं रे!" तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

वायरी टाकताना मात्र मी एक चूक केली. आदल्या वर्षीच्या पुरात खालच्या सोप्यात पाणी आलं होतं, त्यामुळे डबा माडीवर ठेवायचा आणि वायरी उंचावरून न्यायच्या हे पहिल्या दिवशीच ठरलं. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून वळलेली. मी विचार केला, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा ठेवला की झालं. नारिंगी, निळा, हिरवा, तपकिरी, आपल्या मनाचा क्रम. आमच्या खोलीतली चार हात वायर व्यवस्थित चालली. तात्यांकडे जिन्यावरून गेलेली लांब वायर मात्र रखडायला लागली, मध्येच तुटायची. दोन रविवार गेले. मग कळलं की जॅकमधल्या तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर एकाच जोडीच्या दोन तारा लागतात. म्हणून तर क्रम असा विचित्र ठरवलेला आहे: नारिंगी जोडी, मग पांढरा-हिरवा, मग निळी जोडी मध्ये, आणि तिच्या पलीकडे हिरवा. पीळ हा तारांचा एकमेकींना आधार असतो. जोडीतल्या दोघी तोच संदेश नेतात, एक सरळ आणि दुसरी उलटा, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि शेवटी वजा होतो. मी जोड्या फोडल्या होत्या. चार हातांवर ते खपलं, लांब वायरीवर खपलं नाही. मोठ्या काकूंनी बॅटरी धरली आणि मी जिन्यात बसून दोन्ही टोकं कापून नव्यानं क्रिंप केली. काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी प्रत्येक तार लावताना त्या रंग मोठ्यानं म्हणत होत्या.

दुसरी अडचण जून 2007 मधली. तात्यांच्या मुलीची बारावी झाली होती आणि प्रवेशाचा फॉर्म ज्या साईटवर भरायचा होता ती साईट तिच्या कॉम्प्युटरवर उघडेना. बाकी सगळं उघडायचं. ही साईट लागायची, वरची पट्टी दिसायची आणि पान तिथंच लटकायचं. आणि मी डब्यावर बसून अक्षरांच्या ब्राउझरमध्ये तीच साईट उघडली की झटक्यात पूर्ण यायची. तीन रात्री मी ते बघत बसलो. तारीख जवळ आली तेव्हा तिनं सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरला. तिचं काम झालं, पण मला झोप लागेना. एकाच वायरीवर बसलेल्या दोन मशीनांना जग वेगवेगळं का दिसावं?

शेवटी वायरीवरून जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा, दाखवणारा प्रोग्राम लावला. दोन मशीनांनी एकमेकांशी बोलणं सुरू करायच्या आधी तीन पॅकेटांचा रामराम होतो, तो नीट होत होता. मागणी जात होती. पहिलं छोटं उत्तर येत होतं. आणि मग शांतता. मोठं पॅकेट येतच नव्हतं.

कारण होतं 8 बाईटचं. लॅनच्या वायरीवर एका पॅकेटचं पोतं जास्तीत जास्त 1500 बाईटचं असतं. टेलिफोनच्या लाईनवर आमचं नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी करणारी जी पद्धत होती, ती प्रत्येक पोत्याला 8 बाईटचं वेष्टण घालायची. म्हणजे दारातून जाईल असं पोतं 1492 चंच. माझ्या डब्याला हे माहीत होतं, कारण दार त्यानंच उघडलं होतं, आणि रामराम करतानाच तो समोरच्याला लहान माप सांगायचा. तात्यांच्या मुलीच्या कॉम्प्युटरला हे दार दिसतच नव्हतं. त्यानं सांगितलं, पूर्ण मापाची पोती पाठवा. पलीकडून 1500 चं पोतं निघालं, वर शिक्का 'फोडू नये'. ते आमच्या लाईनच्या तोंडाशी अडलं. अशा वेळी अडवणाऱ्यानं मागे निरोप पाठवायचा असतो, माप लहान करा म्हणून. पण त्या साईटच्या पहारेकऱ्यानं असे निरोप आतच घ्यायचे नाहीत असं ठरवलेलं. ते पाठवत राहिले, इथं काही पोचत नव्हतं, आणि दोन्ही बाजूंना आपलं काही चुकतंय हे ठाऊकच नाही.

उपाय एका ओळीचा. घरातून जाणाऱ्या प्रत्येक रामरामात जे माप लिहिलेलं असतं, ते डब्यानं वाटेतच बदलून दाराच्या मापाचं करायचं. ती ओळ लिहिल्यावर मी पहाटे चारला तात्यांच्या सोप्यात जाऊन ती साईट उघडून बघितली. उघडली. इतरांना सांगण्यासारखं काही नव्हतं, फॉर्म भरून झालाच होता. तरी मी तिथं बराच वेळ बसलो. इंटरनेट म्हणजे कुणीतरी लांबून पाठवलेली जादू नाही, तिथंही दारं आहेत, मापं आहेत, न पोचलेले निरोप आहेत, आणि माझ्यासारख्या पट्ट्या लिहिणाऱ्याला ते शोधता येतं, हे मला त्या पहाटे कळलं.

पण खरी कसोटी वायरींची नव्हती. ती वाटणीची होती.

पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू झाली. आमच्याकडून कुणी फोटो पाठवायला लागलं की खाली तात्यांचं सगळं ठप्प. हे का होतं तेही बघण्यासारखं आहे. टेलिफोनच्या लाईनवर वर जायची वाट अरुंद असते, आणि खाली येणाऱ्या प्रत्येक मालाची पोच वरच्या वाटेनंच द्यावी लागते. वरची वाट फोटोंनी भरली की पोच अडकते, आणि पोच मिळत नाही म्हणून पाठवणारा हात आखडतो. तात्या म्हणाले, "सकाळी मला बाजारभाव बघायचे असतात. माझा वाटा किती ते सांग." त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिस्सा विचारायची आमच्या घरात रीतच आहे.

तेव्हा वही आठवली. लिनक्समध्ये वाटणीसाठी एचटीबी नावाची रचना आहे, मार्टिन देवेरा नावाच्या चेक माणसानं लिहिलेली. एचटीबी म्हणजे हायरार्किकल टोकन बकेट, तिच्या नावातच बादली आहे. प्रत्येक हिस्सेदाराची एक बादली, ती ठरलेल्या वेगानं टोकनांनी भरत राहते, आणि टोकन असेल तरच पॅकेट पुढे जातं. मी 256 पैकी 240 च वाटायला घेतले. सगळेच्या सगळे वाटले तर रांग लाईनच्या पलीकडच्या टोकाला लागते आणि तिथं आपलं काही चालत नाही. थोडं कमी घेतलं की रांग आपल्या डब्यात लागते, आणि आपल्या दारातली रांग आपल्याला लावता येते. बांध आपल्या रानात असला तरच पाणी वळवता येतं. प्रत्येक घराला 80 हक्काचे. शेजारच्या बादलीला कुणी हात लावत नसेल तर तिच्यातलं उसनं घ्यायची मुभा, अगदी पूर्ण 240 पर्यंत. मालक परत आला की त्याच क्षणी त्याचे 80 त्याला. त्या रचनेच्या कागदपत्रात यासाठी उसनवारीचाच शब्द वापरला आहे. आबा कधी कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत, पण त्यांचा नियम तिथं जसाच्या तसा लिहिलेला होता.

मी ते नियम छापून जिन्यातल्या भिंतीला चिकटवले. तात्यांनी चष्मा लावून वाचले. म्हणाले, "रात्रीचं कसं?"

रात्रीचं मोठं होतं. 2 ते 8 मोजदाद नाही म्हटल्यावर मोठे डाऊनलोड सगळे तेव्हाच. शेतीपंपाची लाईटही अशीच रात्रीची असायची. अण्णा, माझे वडील, सुट्टीला गावी गेले की रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं मोडायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जायचे, आणि आई ते परत येईपर्यंत जागी असायची, सापाच्या भीतीनं. इथं रात्रपाळी डब्यानं धरली. ज्याला जे हवं त्यानं पत्ता लिहून ठेवायचा, 2 वाजून 5 मिनिटांनी डबा स्वतः उतरवून घ्यायला लागायचा आणि 8 ला 10 कमी असताना थांबायचा. लोडशेडिंगचे दिवस होते, वीज गेली की यूपीएसवर पाव तास. तरी फाईल सिस्टीम जर्नल लिहिणारी, म्हणजे बदल करायच्या आधी त्याची नोंद ठेवणारी, असल्यानं मध्येच वीज गेली तरी डबा पुन्हा उभा राहायचा.

बिलाचं तात्यांनी ठरवलं. आयपीटेबल्स प्रत्येक नियमापुढे किती बाईट गेले ते मोजत असतं, त्यामुळे कुणी किती वापरलं हे मी महिन्याला सांगू शकलो असतो आणि त्या प्रमाणात पैसे काढता आले असते. तात्या नको म्हणाले. "विहिरीचा गाळ काढायचा खर्च तीन घरांत सारखा. तिथं पाणी कुणी किती उपसलं ते बघत नाहीत." बिल सारखं वाटायचं, पाणी पाळीनं घ्यायचं.

आता बापूंचं सांगतो.

1 जीबी पुरावी म्हणून मी डब्यावर स्क्विड बसवलं होतं. कुणी एखादं पान उघडलं की स्क्विड त्याची प्रत डिस्कवर ठेवतं, आणि दुसऱ्यानं तेच मागितलं की बाहेर न जाता घरातूनच देतं. असं घरातून दिलेलं पान नोंदीत 'हिट' म्हणून लिहिलं जातं. डिसेंबर 2007 मध्ये एका रविवारी मी हिट किती होतात ते मोजत बसलो होतो. नोंदीतली प्रत्येक ओळ वेळेनं सुरू होते, आणि ती वेळ 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत असते, दहा आकडी. मग मशीनचा नंबर, मग हिट की नाही, मग बाईट, मग पानाचा पत्ता. त्या काळी बहुतेक साईटी उघड्याच असायच्या, कुलूपबंद जोडणी बँकांपुरती. पानाचा पूर्ण पत्ता दिसायचा.

30 नंबरवर हिट बरेच दिसले. मला बरं वाटलं, साठवण कामाला येतेय. जरा बारकाईनं पाहिलं तर एकच पान होतं, लागोपाठ तीन रात्री. दहा आकड्यांची वेळ काढली, पहाटे पावणेतीन. पानाच्या पत्त्यातच शब्द होता, डायलिसिस. त्याच्या आधीचं पान क्रिएटिनिनचं. आणि एक पान, जवळच्या नात्यातलं कोण मूत्रपिंड देऊ शकतं याचं.

बापू मराठी शाळेत शिक्षक. इंग्रजी वाचायचे, पण सावकाश, शेजारी शब्दकोश घेऊन. एकच पान तीन रात्री का, ते मला लगेच कळलं. घरात कुणाला काही माहीत नव्हतं. ते रोज सकाळी डबा घेऊन शाळेला जात होते, संध्याकाळी कट्ट्यावर बसत होते. आणि रात्री मोजदाद नसलेल्या वेळात, भावांना खर्च पडू नये म्हणून असेल किंवा कुणी बघू नये म्हणून असेल, हे वाचत होते. शेवटच्या पानामुळे मला वाटलं की भावांकडे मागायला लागू नये म्हणूनच ते गप्प आहेत.

मी कुणाला सांगितलं नाही. बापूंनाही विचारलं नाही. बारा दिवस. ते बरोबर केलं की नाही हे मला आजही टोचतं. अण्णांशी जेवताना बोलायचो तेव्हा घास उतरायचा नाही. पण मला ते त्यांनी सांगितलं नव्हतं, मी ते भिंतीतून ऐकलं होतं, आणि भिंतीतून ऐकलेलं जेवणाच्या ताटावर कसं आणायचं?

त्याच रविवारी रात्री मी माळ्यावरून आबांची वही काढली. गाव सुटताना मी ती बरोबर आणली होती. तारीख, नाव, मोटर सुरू, मोटर बंद, लाईट. कुणी काय पाजलं याला रकाना नव्हता. आबांना ठाऊक नसणार असं नाही, रात्री कोण कुठल्या वाफ्यात आहे हे विहिरीवर बसणाऱ्याला दिसतंच. भावानं घरात न सांगता हळद लावली की उसाला जास्तीचं पाणी सोडलं, सगळं कळत असणार. त्यांनी ते लिहिलं नाही. वही सगळ्यांना उघडी ठेवायची तर तिच्यात काय लिहायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. इतकी वर्षं मी ती वही न्यायाची म्हणून सांगत होतो, आणि तिच्यातली मोकळी जागा मला दिसलीच नव्हती.

मी स्क्विडच्या नोंदीतून पानाचा पत्ता काढून टाकला. वेळ, नंबर, बाईट, हिट की नाही, एवढंच. जुन्या नोंदी पुसल्या.

बाराव्या दिवशी बापूंनी स्वतःच सांगितलं, अण्णांना आणि तात्यांना बोलावून, दार लावून. पुढे तपासण्या झाल्या. अण्णांना साखर होती, तात्यांचं वय बसेना. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस सुरू झालं. एका संध्याकाळी गच्चीवर बापूंनी मला विचारलं, "तुझ्या त्या डब्यात सगळं दिसतं न्हवं?"

"दिसत होतं बापू. आता नाही दिसत."

ते बराच वेळ नदीच्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस." पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही.

2008 च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी नवी मुंबईतल्या कुणाच्या तरी उघड्या वायफायवरून मेल गेली आणि कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्या दारात पोलीस आले. तेव्हा तात्या घाबरले. फोन त्यांच्या नावावर. म्हणाले, सगळं लिहून ठेव. मी त्यांना नोंद दाखवली. कुठल्या वेळी कुठल्या नंबरचं मशीन चालू होतं हे तिच्यात होतं, कुणी काय वाचलं हे नव्हतं. तोवर घरात वायफाय आलं होतं, त्याला पासवर्ड लावला, तो तीन घरांपलीकडे जाऊ दिला नाही. जिन्यापलीकडे वायर नेऊन शेजारी वाटणं करारातही बसत नव्हतं, आणि ज्याच्या वागण्याची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही त्याला आपल्या पत्त्यावरून बाहेर सोडणं बरोबरही नव्हतं. सामाईक म्हणजे मोकाट नव्हे, हे विहिरीवर वाढलेल्या तात्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचं लवकर सांगतो. 2016 नंतर प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा डेटा आला. फायबर आलं, तात्यांच्या मुलानं वेगळं घेतलं, आम्ही वेगळं. कंपनीच्या पांढऱ्या डब्याच्या आतही बहुधा लिनक्सच असतो, हे मी घरात सांगितलं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. त्या डब्यात वाटणी कशी चालते ते दिसत नाही, आणि वेग एवढा आहे की कुणी हिस्सा विचारत नाही. मला तो कासवाचा वेग परत नको आहे. माझ्या पुतण्याला लॉकडाऊनमध्ये शाळा घरातून करता आली ती या वेगामुळेच. पण गावी काय झालं तेही मी बघितलंय. तिन्ही घरांनी आपापल्या बोअर मारल्या, पाचशे फूट, सातशे फूट. विहीर आता पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर कोरडी असते, आणि पाळीची वही कुणी मागत नाही. आता भाऊबंद भेटतात ते लग्नात.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. खालचा सोपा बुडाला, तात्या-काकू वर आमच्याकडे आले, आणि तो पेंटियमचा डबा, तेव्हा बंदच पडलेला, माडीवर कोरडा राहिला. पाणी उतरल्यावर जिन्यातली जुनी वायर काढली. भिंतीवर चिकटवलेल्या नियमांच्या कागदाचा लगदा झाला होता. वायरीच्या खालच्या टोकाचा जॅक चिखलानं भरलेला, वरच्या टोकाचे आठ रंग अजून स्वच्छ होते.

आज माझ्याकडे तळहाताएवढं कॉम्प्युटरचं बोर्ड आहे, त्यावर डेबियन. घरात दोनच मशीनं त्यावरून जातात, गरज नाही, पण मी चालवतो. दर वेळी नवं मशीन आणलं की नियमांची जुनी फाईल त्यावर उतरवतो आणि आयपीटेबल्सच्या जागी नवी भाषा आली तशी ओळ ओळ बदलून घेतो. तात्यांच्या 10 चा नियम काढला, त्यांचं वेगळं झालं तेव्हा. 30 चा काढला नाही. बापू 2014 च्या अखेरीस गेले, सात वर्षं डायलिसिसवर काढून. त्या नंबरावर आता कुठलंच मशीन नाही, तिथला बाईटचा आकडा शून्य असतो. नियमाच्या वर टिपणीची एक ओळ आहे, डिसेंबर 2007 मध्ये त्या रविवारी रात्री लिहिलेली. मशीन अशा ओळी वाचत नाही, ओलांडून पुढे जातं.

'बापू. रात्री 2 ते 8. यांचं काही लिहू नये.'